मिलिंदला पत्र: परवाना मिळाला, आता रिव्हॉल्वर

पुणे, १२ मे

प्रिय मिलिंद,

परवाना हातात आल्याचा तुझा निरोप मिळाला. पिस्तूल घेऊ की रिव्हॉल्वर, एवढंच तू विचारलंयस. त्याचं उत्तर सोपं आहे: रिव्हॉल्वर घे. पण का, आणि घेतल्यावर पुढचे दोन-तीन महिने काय करायचं, हे फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

बोअरबद्दल, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाबद्दल, डोकं शिणवू नकोस. ९ एमएम, .३८, .४५ ही सगळी प्रतिबंधित बोअर आहेत, तुझ्या परवान्यावर ती येत नाहीत. मुख्यतः राहतं ते .३२. त्यात दोन वेगळी काडतुसं आहेत आणि दोन्हींना लोक नुसतं ‘बत्तीस’ म्हणतात, तिथेच घोळ होतो. रिव्हॉल्वरला लागतं ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ते लांबट असतं आणि त्याच्या बुडाला बाहेर आलेली स्पष्ट कड असते. पिस्तुलाचं .३२ एसीपी आखूड असतं. रिव्हॉल्वरच्या फिरत्या सिलिंडरमध्ये काडतुसं बसायची जी भोकं असतात त्यांना घरं म्हणतात. एसीपी त्या घरात सरकून बसतंही, पण ते त्या घरासाठी नाही. तेव्हा खोक्यावरचं नाव वाचून घे आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्काही बघ. ‘केएफ’ असेल तर ते आपल्या खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीचं. १८६९ पासून चालू असलेला कारखाना आहे, आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे.

आता पिस्तूल का नको ते सांगतो. रोज बाळगायच्या शस्त्राचे अपघात बहुतेक गोळी झाडताना होत नाहीत. ते होतात भरताना, रिकामं करताना, होल्स्टरमध्ये (कमरेच्या म्यानात) घालताना, ‘बघू जरा’ म्हणून काढताना. म्हणजे दिवसातून जितक्या वेळा हात लागेल तितका धोका. तुझ्या घरी मुलं आहेत, त्यामुळे रात्री शस्त्र रिकामं करून ठेवणं आलंच. अशानीसारख्या देशी पिस्तुलात सकाळी मॅगझिन (काडतुसांची पेटी) घालून स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढायची, काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या घरात) गेलं की सेफ्टी लावायची. रात्री मॅगझिन काढायचं आणि मग आठवणीने चेंबरमधलंही काढायचं. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढलं, की चेंबर पुन्हा भरलेलं राहतं आणि माणूस समजतो रिकामं आहे. दुसरं म्हणजे तेच वरचं काडतूस रोज रॅम्पवर (चेंबरच्या तोंडाच्या उतारावर) आपटत चेंबरमध्ये गेलं की गोळी केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) हळूहळू आत दबते, आतली जागा कमी होते आणि झाडताना दाब वाढतो. रिव्हॉल्वरमध्ये यातलं काहीच नाही. उघडलं की सहाही घरं समोर दिसतात.

रिव्हॉल्वरमध्ये कानपूरचीच तीन नावं तुझ्यासमोर येतील. जुन्या पद्धतीचं मार्क मालिकेतलं, मधून मोडून उघडणारं, वजन सुमारे ७०० ग्रॅम. निर्भीक, २०१४ साली आलेलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅम. आणि प्रबल, २०२३ चं, ज्याचं सिलिंडर बाजूला उघडतं, वजन पुन्हा ७०० च्या घरात. दुकानदार हलकं म्हणून निर्भीक पुढे करील. कमरेवर २०० ग्रॅमचा फरक चांगल्या बेल्टमध्ये फारसा कळत नाही, पण झाडताना हाताला चांगलाच कळतो. हलक्या शस्त्राचा झटका जास्त बसतो, माणूस सराव टाळायला लागतो, आणि टाळलेला सराव महागात पडतो. माझं मत प्रबलच्या बाजूने आहे. भरणं-उपसणं त्यात सोपं.

दुकानात घाई करू नकोस. आधी सिलिंडर उघडून रिकामं असल्याचं दुकानदाराला दाखव, मग तपासणी. हॅमर (मागचा घोडा, जो काडतुसावर आपटतो) अगदी हळू मागे ओढ. तो पूर्ण मागे जाऊन अडकेपर्यंत सिलिंडर जागेवर ‘टक’ करून बसलं पाहिजे. सहाही घरांना हे कर, कारण एखादंच घर मागे राहतं. तसं असेल तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत आणि गोळीचं शिसं खरवडून बाजूने उडतं. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट उजेडासमोर धरून बघ. ती सगळीकडे सारखी हवी, साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर. गॅरेजवाल्याकडचा फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मागून घेऊन जा, लाजू नकोस. मोडून उघडणारं घेत असशील तर बिजागरीत खेळ नको आणि वरची कडी घट्ट बसायला हवी. शेवटी शस्त्रावरचा क्रमांक, बिल आणि परवान्यावरची नोंद अक्षर-अक्षर जुळव. एक आकडा चुकला तर नूतनीकरणाच्या वेळी तुलाच चकरा.

खरेदीनंतर शस्त्र परवाना शाखेत दाखवून नोंद करून घ्यायची. तुझा पत्ता शहर आयुक्तालयात येतो, म्हणून तुझं काम पुणे पोलीस आयुक्तांकडे. भावाच्या नादाला लागून चिंचवडला जाऊ नकोस, त्यांचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे. परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय तेही वाच. नुसता महाराष्ट्र असेल तर बेळगावच्या लग्नाला ते घरीच. एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं, हेही तिथेच लिहिलेलं असतं. वापरलेल्या काडतुसांचा हिशेब तारखेसह वहीत ठेव, रिकाम्या केस जपून ठेव.

आता होल्स्टर. बहुतेक लोक लाखभराचं शस्त्र घेतात आणि पाचशे रुपयांच्या कापडी पिशवीत घालतात. नियमानुसार सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा बॅगेत, पूर्ण झाकलेली आणि तुझ्या ताब्यात असली पाहिजे. होल्स्टरला तीन गोष्टी हव्यात: ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीचं कडं) पूर्ण झाकलेला, शस्त्र काढल्यावरही तोंड उघडं राहील इतका ताठपणा, आणि उलटं धरून हलवलं तरी शस्त्र पडणार नाही अशी पकड. मऊ चामड्याचं तोंड मिटतं, मग माणूस डाव्या हाताने ते उघडायला जातो आणि स्वतःचाच हात नळीसमोर आणतो. बेल्ट दीड इंची, दुहेरी चामड्याचा. साध्या फॅशनच्या बेल्टवर होल्स्टर बाहेर झुकतं आणि शर्टावर फुगवटा दिसतो.

तू स्कूटरवाला, म्हणून जागा महत्त्वाची. उजव्या कमरेवर, हाडाच्या किंचित मागे. पुढे पोटाजवळ ठेवलंस तर बसल्यावर नळी मांडीत रुतते. पाठीच्या मध्यभागी तर मुळीच नको, स्कूटर घसरली तर तो लोखंडी तुकडा थेट मणक्यावर. हँडल धरून वाकलास की शर्ट मागून वर सरकतो, म्हणून शर्ट दोन बोटं लांब घे किंवा वर पातळ जॅकेट घाल. जॅकेटला खाली ओढायची दोरी असेल तर ती कापून टाक. होल्स्टरमध्ये घालताना अशी दोरी किंवा शर्टाचं टोक ट्रिगर गार्डमध्ये अडकतं, आणि वरून दाबलं की बार उडतो. काढताना घाई समजू शकतो, परत घालताना जगात कुठलीच घाई नसते. कापड बाजूला कर, खाली बघ, बोट ट्रिगरपासून लांब सरळ ठेव, मग हळू घाल. आणि डिकीत ठेवायचं नाही. पेट्रोल भरायला डिकी उघडतोस, तिथे शस्त्र कशाला?

पहिला आठवडा ते रिकामंच बांध, तेही फक्त घरात. ऊठ, बस, चपला घाल, बाथरूमला जा. ही शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नकोस: पँट उतरवताना लोक शस्त्र काढून फ्लशच्या टाकीवर ठेवतात आणि विसरतात. ते होल्स्टरमध्येच राहू दे, बेल्ट गुडघ्याच्या वर धरून ठेव.

भरणं-रिकामं करणं घरात एकाच जागी कर. त्या जागी फूटभर खोल कोरड्या वाळूने भरलेली बादली ठेव आणि नळी कायम तिच्यात. सकाळी एकदा भरायचं, रात्री एकदा रिकामं करायचं, मधे शून्य. कोणी मित्र म्हणाला ‘दाखव ना’, तर नाही. रात्री शस्त्र भिंतीला बोल्ट केलेल्या लॉकरमध्ये, काडतुसं दुसऱ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या वहिनींना माहीत असाव्यात, मुलांना नाही. सहा घरं भरायची की पाच, हे मॅन्युअलमध्ये बघ. हॅमर आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर येणारी यंत्रणा असेल तर सहा. स्पष्ट नसेल तर हॅमरखालचं घर रिकामं ठेव.

सराव दोन प्रकारचा. सुका सराव घरीच, आठवड्यातून तीनदा दहा-दहा मिनिटं. काडतुसं त्या खोलीतच नकोत. डमी काडतुसं घाल, ज्यांना स्नॅप कॅप म्हणतात, नाहीतर फायरिंग पिन उगाच आपटून खराब होते. डबल अ‍ॅक्शनचा ट्रिगर, म्हणजे एकाच ओढीत हॅमर मागे नेऊन सोडणारा, जड असतो, सुरुवातीला नळी डावीकडे-खाली ओढली जाईल. नळीवर एक रुपयाचं नाणं ठेव, ते न पडता ट्रिगर पूर्ण दाबता आला की बोटाची जागा बरोबर. दुसरी सवय ट्रिगर पूर्ण पुढे सोडायची. घाईत तो अर्धवट सोडला तर पुढचा बार नीट उडत नाही. डाव्या हाताचा अंगठा सिलिंडर आणि नळीच्या फटीजवळ कधीच नको, तिथून गरम वायू सुटतो.

खरं झाडणं रेंजवर. बालेवाडीच्या क्रीडा संकुलात १०, २५ आणि ५० मीटरच्या रेंज आहेत, पण .३२ आणि स्वसंरक्षणाचा परवाना तिथे चालतो का, हे आधी फोन करून विचार. पाच मीटरपासून सुरू कर, एकेक गोळी. पाच जमल्यावर सात, मग दहा. तुझ्या कामाला त्यापलीकडची गरज नाही. आवाजाच्या धास्तीने हात आधीच खाली जातो, ते ओळखायला सहात दोन डमी मिसळून भर, कुठे आहेत हे न बघता. डमीवर नळी डुचमळली की कळलं.

‘टक’ झालं आणि बार उडाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून तीस सेकंद थांब, काही वेळा बार उशिरा पेटतो. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर लगेच थांब. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी गेली तर नळी फुगते किंवा फुटते. रिकाम्या केस काढताना नळी आकाशाकडे करून इजेक्टर (केस बाहेर ढकलणारा दांडा) एका दमात पूर्ण दाब. अर्धवट दाबलंस तर केस इजेक्टरच्या ताऱ्याखाली (केस उचलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या भागाखाली) सरकते आणि सिलिंडर बंदच होत नाही. सिलिंडर फिरायला जड झालं तर बहुधा त्या ताऱ्याखालीच काजळी साचलेली असते. जुन्या टूथब्रशने निघते.

पुढच्या महिन्यात पाऊस. रात्रभर शस्त्र चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नकोस, चामडं घाम आणि ओल धरून ठेवतं आणि दोन दिवसांत नळीवर तांबूस ठिपके येतात. लॉकरमध्ये सिलिका जेल ठेव. रोज कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फक्त बाहेरून. घरांत तेल ओतलंस तर ते काडतुसाच्या टोपीत (बुडाच्या पेट घेणाऱ्या भागात) झिरपतं आणि ऐन वेळी ती पेटत नाही. बाळगायची सहा काडतुसं दर वर्षी रेंजवर संपव आणि नवी भर.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं वाच. स्वसंरक्षणाचा हक्क गरजेपुरताच आहे. बॅग हिसकावून पळत सुटलेल्या माणसाच्या पाठीवर गोळी झाडलीस तर ते स्वसंरक्षण म्हणून कोर्टात टिकवणं फार अवघड. धाक दाखवायला नुसतं बाहेर काढणं हाही गुन्हा होतो. वरातीत किंवा मिरवणुकीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गणपतीत आणि बंदच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली मनाई आदेश निघतात, तेव्हा तो आदेश वाचल्याशिवाय शस्त्र घेऊन बाहेर पडू नकोस. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि जमा करायची नोटीस आली तर ठाण्यात जमा कर. पावती घे, पावतीवर क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घे, आणि देण्याआधी तेल लाव, कारण तिथे ते महिना-दोन महिने पडून राहतं. परवाना पाच वर्षांचा आहे. संपायच्या दोन महिने आधी अर्ज टाक.

रविवारी येशील तेव्हा शस्त्र आणू नकोस. रोजची पँट घालून आणि नवा बेल्ट घेऊन ये, होल्स्टरचा लूप त्यावर बसतो का ते बघू. नसेल बसत तर रविवार पेठेतल्या चामडेवाल्याकडून अर्ध्या तासात करून घेता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शिरीष