चाव्या दिल्या म्हणजे गाव झाले का?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पनामातल्या गार्डी सुगडुब या बेटावरच्या लोकांसाठी बांधलेल्या नव्या गावाविषयी आपल्या दैनिकात वाचले. सोबतचा फोटो पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. एका मापाची घरे, घरांच्या सरळ रांगा, मधून रस्ता आणि जिकडेतिकडे उघडी माती. हिला हाक मारून म्हटले, "अगं, आपली वसाहत कोणी पनामात नेऊन ठेवली बघ!"

१९९० च्या दशकात मी तळोदा तालुक्यातल्या एका पुनर्वसन वसाहतीत जिल्हा परिषदेचा शिक्षक होतो. सरदार सरोवराच्या पाण्याखाली आपल्या राज्यातली ३३ गावे जायची होती, अक्कलकुव्यातली ९ आणि अक्राणीतली २४. त्यात पहिली मणिबेली. डोंगरातून सामानासकट उतरवलेली ती माणसे मी पाहिली आहेत, त्यांची पोरे माझ्या वर्गात बसली आहेत. बातमीचा सूर असा होता की चाव्या वाटल्या आणि गाव झाले. ते काही पटले नाही, म्हणून हे पत्र.

आधी त्या बेटाविषयी. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्याला गुना आदिवासींची साडेतीनशेवर बेटे आहेत. त्यातल्या पन्नासेक बेटांवर वस्ती. गार्डी सुगडुब जेमतेम ४०० मीटर लांब आणि १५० मीटर रुंद, त्यावर गाव हलण्याआधी हजार-बाराशे माणूस होता. आपल्याकडचे एखादे मार्केट यार्डही याहून ऐसपैस असते. समुद्र चढतो आहे, पाणी घरात शिरते, हे खरेच. पण तिथल्या लोकांनी २०१० च्या सुमारास हलायचे मनावर घेतले ते आधी दाटीमुळे. माणसे वाढली, जागा संपली. बातमीत हे आले नाही. त्यांनी किनाऱ्यावरची आपल्याच समाजाची जमीन नक्की केली, जंगल स्वतः साफ केले आणि मग सरकारच्या मागे लागले. सरकारने चौदा वर्षे लावली. जून २०२४ मध्ये सुमारे ३०० कुटुंबांना घरे मिळाली. गावाचे नाव इस्बेरयाला, तिथल्या एका फळझाडावरून.

बेटावरची गुना घरे काठ्यांच्या कुडाची, वर पानांचे छप्पर, आत झोळ्या टांगलेल्या, आणि घराला घर खेटून. झोळीत पडल्यापडल्या शेजाऱ्याशी बोलावे इतकी जवळ. त्यांना मिळाली सुटी सुटी पक्की घरे, वर पत्रा. आमच्या सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल माणसाचे नेमके उलटे. त्याचे घर एका टेकडीवर, भावाचे पलीकडच्या टेकडीवर, मध्ये दोघांची शेते. बोलावायचे तर तोंडाशी हात धरून हाक मारायची. गाव म्हणजे चार-पाच फळ्या, म्हणजे पाडे, आणि या फळीतून त्या फळीत जायला अर्धा तास. त्याला दिला ६० बाय ९० फुटांचा प्लॉट, कुंपणाला कुंपण लावून. इकडची कोंबडी तिकडे गेली की भांडण. पहिल्या वर्षी माझ्याकडे पोरांच्या तक्रारी कमी आणि कोंबड्यांच्या जास्त यायच्या. दाटीत राहणाऱ्याला पांगवले, पांगून राहणाऱ्याला दाटीत कोंबले, आणि नकाशा मात्र दोन्हीकडे सारखाच! आमच्या शाळेवर काम करणारा शहाद्याकडचा गवंडी रांगा बघून म्हणाला होता, "हाई गाव नही, भाऊ, हाई ते प्लॉटिंग शे." फिजीतल्या वुनिदोगोलोआ गावाची तर आणखी तऱ्हा. २०१४ मध्ये ते समुद्रापासून आत हलवले आणि नव्या घरांना स्वयंपाकघरच नव्हते. आराखडा काढताना चुलीशी बसणाऱ्या बाईला कोणी विचारले नसणार, एवढे कळायला फिजीला जायला नको.

कागद वाईट होता असे मी म्हणणार नाही. नर्मदा पाणी तंटा लवादाचा १९७९ चा निवाडा काढून बघा. पाव हिश्श्याहून जास्त जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान २ हेक्टर ओलिताची जमीन. दर १०० कुटुंबांमागे तीन खोल्यांची प्राथमिक शाळा आणि एक देवस्थान. दर ५०० मागे पंचायतघर, दवाखाना, बियाण्याचे गोदाम, तळे, मुलांची बाग. दर ५० मागे गुरांच्या हौदासह विहीर, आणि दर ५० कुटुंबांमागे झाडाचा एक पार. होय, पार! पाण्याचे वाटे मोजायला बसलेल्या लवादाला पार आठवला, याचे मला आजही कौतुक वाटते. आमच्या वसाहतीत तो आला तो असा: सिमेंटचा गोल ओटा, मध्ये खड्डा, आणि झाड नाही. झाड बहुधा दुसऱ्या खात्याकडे असावे. एप्रिलात त्या ओट्यावर हात टेकला तर चटका बसायचा. दोन वर्षे त्यावर फक्त शेळ्या बसल्या, त्याही उन्हे उतरल्यावर. मग पोरांनी आणि मी खड्ड्यात कडुनिंबाचे रोप लावले. शेळ्यांनी खाल्ले. पुन्हा लावले, पुन्हा खाल्ले. चौथ्या रोपाला बोरीच्या काट्यांचे कुंपण केले तेव्हा ते जगले.

पण मी खरा हादरलो तो स्मशानाच्या गोष्टीने. पहिल्याच पावसाळ्यात एका घरातली म्हातारी वारली. नकाशात स्मशानभूमी होती, नाल्यापलीकडे, पट्टीने आखलेला चौकोन. प्रत्यक्षात त्या चौकोनात शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याचा कापूस उभा होता, गुडघ्याएवढा. तो म्हणे, माझ्या बापापासूनची वहिवाट आहे, तुम्हाला इथे कोणी पाठवले? त्याचेही चुकले असे म्हणवत नाही, त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. म्हातारीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवले होते, वर युरियाच्या गोण्या उसवून शिवलेले पाल. बाया रडायच्या थांबल्या आणि नुसत्या बसून राहिल्या. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बोलणी चालली. गुरुजी म्हणून मलाही पुढे केले होते. शेवटी नाल्याच्या अलीकडच्या काठावर, पुराच्या पाण्यापासून दहा हातांवर, ओल्या लाकडांवर रॉकेल ओतून तिला अग्नी दिला. पंधरा दिवसांत तिचा थोरला मुलगा बायकोपोरांसह परत डोंगरात निघून गेला. माझ्या हजेरीपटावरची तीन नावे कमी झाली. शेऱ्याच्या रकान्यात मी 'स्थलांतर' असे लिहिले. दुसरे काय लिहिणार?

या सगळ्याचे मूळ जमिनीत आहे. गुना लोक आपल्याच समाजाच्या जमिनीवर गेले. आमच्याकडे तळोद्याचे राखीव जंगल मोकळे करून वसाहती बसवल्या, आणि त्या जंगलात आधीपासून कसणारेही आदिवासीच होते. एकाला बसवायचे म्हणून दुसऱ्याला उठवायचे, आणि मग दोघे एकमेकांवर गुरकावले की 'स्थानिक वाद' म्हणून मोकळे व्हायचे. पापुआ न्यू गिनीतल्या, समुद्रामुळेच उठावे लागलेल्या कार्टेरेट बेटांच्या लोकांनी हे ओळखले होते. त्यांनी २००६ मध्ये स्वतःचीच संस्था काढली, तुलेले पेइसा. आपल्या बळावर लाटा पार करणे, अशा अर्थाचे नाव. जवळच्या बूगनव्हिल या मोठ्या बेटावर चर्चने त्यांना जमीन दिली. तरी त्यांनी आधी आपली जाणती माणसे, बाया आणि तरुण पोरे यजमान गावांकडे पाठवली, ओळखपाळख करून घेतली. याला खर्च किती येतो? जाण्यायेण्याचा. आमच्याकडे दोन गावांची पहिली ओळख झाली ती बांधावर, तलाठ्याच्या साक्षीने.

नावांचेही तेच. नर्मदानगर, रेवानगर ही नावे एक वेळ ठीक, नदी निदान नावाने तरी सोबत आली. पण एका वसाहतीचे नाव सरदारनगर! ज्या धरणाने गाव बुडवले त्याचेच नाव नव्या गावाला देताना कोणालाच काही खटकले नसेल? माझ्या वर्गातली पोरे 'तुझे गाव कोणते' म्हटल्यावर बुडालेल्या गावाचेच नाव सांगायची. एका वर्गात पाच गावे निघायची, आणि त्या गावांची उरलेली माणसे भलत्याच वसाहतींत, काही तर गुजरातेत. लग्नाची बोलणी करायला मामा एसटीने दोन गाड्या बदलून यायचा. (त्यातच १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. धुळे जिल्ह्यातून निघालेली माणसे जागची न हलता आणखी एकदा हलली, आणि मी सगळे दाखले पुन्हा लिहीत बसलो.)

इस्बेरयालात लोक राहायला गेले तेव्हा दवाखाना तयार नव्हता, पाण्याचीही ओढाताण सुरू झाली. नावा किनाऱ्याशी आणि घर दोन किलोमीटर आत, त्यामुळे मासेमारीला जाणाऱ्याची रोजची पायपीट वाढली. काही कुटुंबे बेटावरच राहिली. तरीही त्यांचे गाव आमच्या वसाहतींपेक्षा लवकर मार्गी लागेल असा माझा अंदाज आहे, कारण शेजार सोबत आला आणि गावाच्या सभेचे मोठे घरही त्यांनी तिथे उभारले.

हे सगळे आत्ता उगाळायचे कारण असे, की आपल्या जिल्ह्यात आता खरोखरची बेटे आहेत. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे लागले, २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला टेकले, आणि अक्कलकुवा-अक्राणीतल्या काही टेकड्यांना चहूबाजूंनी पाण्याने वेढले. तिथे दवाखाना बोटीतून येतो. २०२० मध्ये चिमलखेडीच्या अंगणवाडीताई स्वतः नाव वल्हवत बाळंतिणींपर्यंत आणि तान्ह्या पोरांपर्यंत पोचत होत्या, ते आपल्या वाचकांना आठवत असेल. या टापूंवरच्या पाड्यांसाठी उद्या कुठे नवी जागा बघितली गेली, तर मोजणीदाराने साखळी टाकण्याआधी पाड्यातल्या चार म्हाताऱ्या आणि चार बाया जागेवर न्याव्यात. कोण कोणाच्या शेजारी राहणार, गावदेव कुठे बसणार, मयत कुठे न्यायची आणि गुरे कुठून पाण्यावर जाणार, एवढे त्यांनी काठीने मातीवर काढून दाखवावे. मग खुशाल ६० बाय ९० आखा. आणि त्या काठीच्या रेघांखाली शेजारच्या गावाच्या पाटलाचीही सही घ्या.

आपल्याला एक विनंती. इस्बेरयालाची बातमी दोन-तीन पावसाळ्यांनंतर पुन्हा द्यावी. आणि जमल्यास त्याच पानावर तळोद्याच्या वसाहतींचीही द्यावी, त्यांना आता तीस वर्षे होऊन गेली. वार्ताहर पाठवणार असाल तर मला कळवावे, तळोद्यापासून पुढे मी सोबत येईन. वसाहतीतले निम्मे कर्ते माझेच विद्यार्थी आहेत, तेव्हा चहा नक्की. बसायला कडुनिंबाचा पारही आहे, फक्त एका बाजूने मुळांनी सिमेंट उचलले आहे, तिकडे जपून बसावे लागते.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
शहादा, जि. नंदुरबार