‘चालू आहे’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुने व्हिडिओ गेम ऑनलाइन विकण्याचा घरगुती धंदा जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा अशा गावांतून करता येण्याजोगा आहे. माल माळ्यावरच्या ट्रंकेत आणि भंगाराच्या गोदामात पडून आहे, गिऱ्हाईक पुण्या-बंगळुरूत आहे आणि दुकानाला गाळा लागत नाही. मात्र या मालाच्या जाहिराती पाहिल्या तर बहुतेकांत दोनच शब्द सापडतात: ‘चालू आहे’. कशावर चालू आहे, किती वेळ चालवून पाहिले, आतले काय बदलले, कॅसेट अस्सल की नक्कल, यातले काहीच लिहिलेले नसते. विक्रेत्यांनी काय तपासावे आणि काय लिहून द्यावे, ते या पत्रातून मांडत आहोत.

आधी अस्सल-नकलेचे. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘टीव्ही गेम’ म्हणून घरोघर जे यंत्र आले, ते बहुधा निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉमची नक्कल असायचे. मूळ फॅमिकॉम जपानात जुलै १९८३ मध्ये विक्रीला आले. त्याच्या कॅसेटला ६० पिना, तर एनईएस या नावाने अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्याच्याच भावंडाच्या कॅसेटला ७२. गेम तोच असला तरी एकाची कॅसेट दुसऱ्यात बसत नाही, मध्ये जोडणीचा अडॅप्टर लागतो. त्यामुळे नुसते ‘निन्टेंडो कॅसेट’ लिहिले की भांडणाला तिथेच सुरुवात होते. पिनांची संख्या लिहावी, आणि यंत्र नक्कल असेल तर ‘फॅमिकॉमसारखे, निन्टेंडोचे नाही’ हे शब्द शीर्षकातच असावेत.

‘९९९९ इन १’ कॅसेटची गोष्ट वेगळी. तिच्यात मोजकेच गेम असतात, तेच नाव किंवा पातळी बदलून यादीत पुन्हा पुन्हा येतात, आणि परवाना एकाचाही नसतो. जुना गेम आहे, आता कोण विचारतो, ही समजूत चुकीची आहे. आपल्या कायद्यात संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीचे संरक्षण आहे आणि ते कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी आहे. हार्ड डिस्कमध्ये हजारो गेम भरून ‘रेट्रो बॉक्स’ विकणेही याच गटात मोडते. छोट्या दुकानाने या वाटेला जाऊच नये.

गेमबॉय अॅडव्हान्स या निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या नकली कॅसेटही बाजारात खूप आहेत. अस्सल कॅसेटच्या तोंडातून आत पाहिले की सोनेरी पट्ट्यांच्या वर बोर्डावर ‘निन्टेंडो’ हे नाव छापलेले दिसते. लेबल उजेडात तिरपे धरले की त्यावर दाबून उमटवलेले दोन आकडे दिसतात. जाहिरातीत या दोन्ही जागांचे जवळून घेतलेले फोटो द्यावेत. जाणकार गिऱ्हाईक नेमके तेच मागतो.

यंत्राची तपासणी अडॅप्टरपासून सुरू करावी, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होते. नक्कल टीव्ही गेमला सहसा ९ व्होल्ट डीसी लागतो, पण जॅकच्या मधल्या पिनेवर प्लस की मायनस, हे यंत्रागणिक बदलते. मूळ फॅमिकॉमचा अडॅप्टर १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअरचा, मधली पिन मायनस. अमेरिकन एनईएसचा अडॅप्टर डीसी देतच नाही, ९ व्होल्ट एसी देतो. तो फॅमिकॉमला लावला की आतले भाग जळू शकतात. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह यंत्राच्या पहिल्या मॉडेलला मधली पिन मायनस, दुसऱ्याला प्लस. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून लाल टोक प्लगच्या मधल्या भोकात आणि काळे बाहेरच्या कडेला लावावे. आकड्यापुढे वजा आला तर मधली बाजू मायनस. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ‘९ व्होल्ट’ अडॅप्टरवर भार नसताना १२-१३ व्होल्ट दिसतात, त्याने घाबरू नये. जपानहून आलेला अडॅप्टर मात्र १०० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात थेट खुपसू नये, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावावा.

आत कामाचे ५ व्होल्ट तयार करतो तो ७८०५ रेग्युलेटर. अक्षरे आपल्याकडे करून पाहिले तर डावा पाय आवक, मधला ग्राउंड, उजवा जावक. उजव्या पायावर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. यंत्र अर्धा अँपिअर ओढत असेल तर ९ व्होल्टवर हा रेग्युलेटर दोन वॅट उष्णता बाहेर टाकतो. कुणी हाताशी आहे म्हणून राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर साडेतीन वॅट. पुण्याच्या जानेवारीत ते खपून जाईल. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा हेच यंत्र वीस मिनिटांत थिजते किंवा पडद्यावर रंगीत चौकोन येतात. कारण साधे असते: रेग्युलेटरला जोडलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्टीचा स्क्रू ढिला, किंवा मधली हीट पेस्ट वाळलेली. पेस्ट खरवडून नवी पातळ थराने लावली की काम होते. आवाजात घोंघाट आणि चित्रात सरकत्या आडव्या पट्ट्या असतील तर फिल्टर कपॅसिटर सुकलेला समजावा. नवा घालताना मायक्रोफॅरड तेवढेच आणि व्होल्ट तेवढे किंवा जास्त ठेवावेत. म्हणूनच पाच मिनिटांच्या चाचणीवर ‘चालू आहे’ लिहिणे आम्हाला मान्य नाही. सलग ४५ मिनिटे चालवावे आणि जाहिरातीत तसे मिनिटांसह लिहावे.

कॅसेट लागत नाही म्हणून फुंकर मारण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. फुंकरीने गेम कधी कधी लागतो तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. श्वासातली ओल मात्र पट्ट्यांवर राहते आणि त्या हळूहळू काळ्या पडतात. योग्य साधन म्हणजे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायच्या कापसाच्या काड्या. काडी ओली करावी, टपकती नको. पट्टीच्या लांबीच्या दिशेने पुसावे, काडी काळी निघायची थांबेपर्यंत नवी घ्यावी, मग दहा मिनिटे वाळू द्यावे. पितळेची पॉलिश किंवा पॉलिश पेपर वापरू नये. शाळकरी खोडरबरही टाळावे, त्याने सोन्याचा पातळ मुलामा जातो. निन्टेंडोच्या कॅसेट उघडायला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट पाना लागतो, निन्टेंडोचे एन६४ किंवा मेगा ड्राइव्हसारखी यंत्रे उघडायला ४.५ मिलिमीटरचा. बॉलपेनचे टोक वितळवून केलेल्या जुगाडाने स्क्रूची डोकी खराब होतात आणि किंमतही उतरते. स्वस्त कॅसेट उघडल्यावर चिपऐवजी काळ्या डांबरासारखा थेंब दिसला आणि पट्ट्या पुसूनही गेम लागत नसेल तर ती दुरुस्त होत नाही, सोडून द्यावी.

ज्या कॅसेटमध्ये खेळ जतन होतो त्यांपैकी अनेकांत बटणासारखा लिथियम सेल असतो. तो ३ व्होल्टचा, मीटरवर २.६ च्या खाली आला की बदलायचा. सेलवरचा मूळ क्रमांक पाहून तोच घ्यावा, आणि पट्ट्या वेल्ड केलेलाच घ्यावा. उघड्या सेलवर थेट सोल्डरिंगचा कावीया टेकवला तर तो तापून फुगतो, क्वचित फुटतोही. सेल काढताच आधीचे जतन केलेले खेळ पुसले जातात, हे गिऱ्हाइकाला आधी कळवावे. कुणाला त्याच जुन्या खेळाचे मोल असते. नवा सेल घातल्यावर खेळ जतन करून कॅसेट रात्रभर बाहेर ठेवावी आणि सकाळी पुन्हा लावून पाहावी. सेल बदलल्याचा महिना आणि वर्ष बिलावर लिहावे.

प्लेस्टेशन-२ ला निळ्या पाठीची सीडी आणि रुपेरी डीव्हीडी अशा दोन्ही लावून पाहाव्यात. दोन्हींसाठी लेसर वेगळा असल्याने एक चालून दुसरी न चालणे नेहमीचे. लेन्सशेजारचा छोटा पोटेन्शिओमीटर फिरवून लेसर जोरात करणारे कारागीर भेटतात. यंत्र महिनाभर चालते आणि मग कायमचे बसते. असे केलेले यंत्र विकू नये.

गिऱ्हाइकाच्या टीव्हीबद्दल आधीच विचारावे. एनटीएससी या जपानी-अमेरिकन चित्रपद्धतीचे यंत्र आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या जुन्या टीव्हीला लावले तर चित्र काळे-पांढरे येते. जपानी फॅमिकॉमला अँटेनाच्या वायरीतून चित्र देण्याचा मार्ग आपल्या टीव्हीवर जुळत नाही. नव्या एलईडी टीव्हीला पिवळा-लाल-पांढरा एव्ही सॉकेट नसेल तर एचडीएमआय कन्व्हर्टर लागतो, आणि बटण दाबणे व पडद्यावर उडी दिसणे यांत किंचित उशीर जाणवतो. बदके मारायची बंदूक फक्त डबा टीव्हीवर चालते, कारण ती पडद्यावर त्या क्षणी उमटणारा उजेड टिपते. एलईडीवर ती कितीही दुरुस्त केली तरी चालणार नाही. हे सगळे फोनवर अहिराणीत किंवा लेवा बोलीत समजावून सांगायला दोन मिनिटे लागतात आणि परत येणारे पार्सल वाचते.

पॅकिंगला आपल्याकडची उष्णता लक्षात घ्यावी लागते. रिमोटची जुनी वायर यंत्राच्या प्लास्टिकला टेकवून बांधली तर वायरीतले मऊ करणारे द्रव्य प्लास्टिकमध्ये उतरते आणि कायमचा चर पडतो. पत्र्याच्या गोदामात चार दिवस पडलेल्या पार्सलात हे लवकर होते. वायर आधी साध्या कागदात गुंडाळावी. बबल रॅप थेट लेबलावर लावू नये, फुगे लेबलावर उमटतात. मध्ये कागद हवा. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. रावेर-यावलकडे केळीची खोकी मजबूत आणि स्वस्त मिळतात, पण त्यांना हवेची भोके असतात. ती बाहेरचे खोके म्हणूनच वापरावीत, आत माल प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून. आकारही मोजावा. बहुतेक कुरिअर सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० ने भागतात आणि येणारा आकडा किलोतले वजन म्हणून धरतात. ४० × ३० × १५ चे खोके म्हणजे ३.६ किलो, आत दीड किलोचेच यंत्र असले तरी. खोके ३० × २५ × १२ वर आणले तर १.८ किलो. पीएसपीसारख्या हातात धरून खेळायच्या यंत्राची बॅटरी फुगलेली असेल तर ती पार्सलात घालूच नये.

बोर्डावर आतल्या बाजूला अल्ट्राव्हायोलेट पेनाने स्वतःची खूण करावी आणि अनुक्रमांकाचा फोटो ठेवावा. चांगले यंत्र घेऊन बिघडलेले परत पाठवण्याचे प्रकार होतात. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट ग्राह्य धरू नये, बँकेच्या खात्यात पाहावे. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करावा. स्वतःची वेबसाइट असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क द्यावा लागतो. ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिनाभरात निवारण अपेक्षित आहे. परदेशातून वापरलेली यंत्रे विक्रीसाठी मागवणे परवान्याशिवाय करता येत नाही, तेव्हा देशातच मिळणारा माल घ्यावा. घेताना देणाऱ्याचे नाव, तारीख, रक्कम आणि ओळखपत्राची प्रत ठेवावी.

ही नोंद जीएसटीसाठीही उपयोगी पडते. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला नियम ३२(५) प्रमाणे फक्त नफ्याच्या रकमेवर कर भरता येतो. हजाराला घेतलेले यंत्र अठराशेला विकले तर कर ८०० रुपयांवर, पण खरेदीवरचा इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या कराची वजावट, घ्यायचा नाही. खरी अडचण पुढे आहे. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन बाजारपेठेतूनही, जीएसटी पोर्टलवर नोंद क्रमांक घेऊन, विकता येते. परंतु एक जरी कॅसेट राज्याबाहेर विकली तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या कॉम्पोझिशन योजनेतही परराज्यात विक्री करता येत नाही. जळगावहून ६०० किलोमीटरहून दूर असलेल्या सावंतवाडीला नोंदणीशिवाय माल पाठवता येतो, पण रावेरच्या विक्रेत्याला शेजारच्या, मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरला तो पाठवता येत नाही. नवापूरचे रेल्वे स्टेशनच अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तिथल्या छोट्या विक्रेत्याने काय करावे?

हस्तकलेच्या वस्तूंना परराज्यातील विक्रीसाठी नोंदणीतून २० लाखांपर्यंत सवलत दिलेली आहे. तशीच सवलत जुन्या, दुरुस्त केलेल्या घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तू विकणाऱ्यांना मिळावी. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील आमदारांनी ही मागणी राज्याच्या अर्थमंत्र्यांमार्फत जीएसटी परिषदेपुढे न्यावी, अशी आमची विनंती आहे.

आपले,
जुन्या गेमची दुरुस्ती व विक्री करणारे काही वाचक, जळगाव