लाईट पुसायच्या आधी कोड तरी लिहून द्या

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

घाटात गाडी बंद पडून मागं रांग लागल्याचा फोटो तुमच्या पेपरात वर्षातनं चार-सहा वेळा तरी असतोच. यंदा मे महिन्यात आंबा घाटात तसली एक रांग माझ्यामुळं लागली, फोटो काढायला कोण नव्हतं म्हणून वाचलो. पण त्या दिवसापासनं डोक्यात एक गोष्ट घोळतीय, गॅरेजवाले डॅशबोर्डवरचा इंजिनचा लाईट घालवतात पण तो का लागला होता ते सांगत नाहीत. तेच लिहून पाठवतो, जागा असली तर छापा, लांबलं तर कापा.

माझी गाडी २०१४ ची, पेट्रोल, लाखाच्या वर किलोमीटर झालेली. घरात सगळे म्हणतात विका आता, पण हप्ते फिटलेत आणि आईला त्याच सीटवर बसायची सवय झालीय. मार्चच्या शेवटी भर दुपारी कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडी पहिल्यांदा बंद पडली. आचका नाही, धक्का नाही, घरातला फॅन बंद करावा तशी गप्प. डॅशबोर्डवर एकदम सगळी दिवाळी, ऑइलचा लाल लाईट, बॅटरीचा लाईट, इंजिनचा पिवळा लाईट. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. चौघांनी ढकलून बाजूला लावली, वीस मिनिटं उसाचा रस पीत बसलो आणि परत किल्ली मारली तर गाडी अशी सुरू झाली की जणू मीच खोटं बोलत होतो.

घराजवळच्या गॅरेजला गेलो. मी सांगितलं, बंद पडताना बॅटरीचा लाईट लागतो. झालं, पुढचं ऐकलंच नाही, "बॅटरी बसलीया साहेब, टाकूया नवी." टाकली. आता मला कळतंय की चूक अर्धी माझीच होती, कारण सांगितलं ते उलटं सांगितलं. इंजिन थांबलं की ऑइलचं प्रेशर जातं आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरायचा थांबतो, म्हणून हे दोन लाईट लागणारच, कुठल्याही चांगल्या गाडीला लागतात, सकाळी किल्ली फिरवून स्टार्टर मारायच्या आधी बघा, लागलेलेच असतात. ते बंद पडल्याचं कारण नव्हे, बंद पडल्याचा पुरावा. विचारायचा प्रश्न एवढाच होता की बॅटरीचा लाईट गाडी बंद पडायच्या आधीपासनं लागलेला होता का नंतर लागला? आधीपासनं असता तर चार्जिंगकडं बघायचं. आणि ते सुद्धा व्होल्ट मोजायच्या साध्या मीटरवर पाच मिनिटांत कळतं, गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदाच्या मधे कुठंतरी आकडा आला तर बॅटरी-अल्टरनेटरला हात लावायचं कारण नाही. मीटर कोणी लावलाच नाही.

बॅटरी टाकून आठ दिवस बरी चालली, कारण त्या आठवड्यात दुपारची गाडी काढलीच नाही. मग परत तेच, यावेळी राजारामपुरीत. आणि आता इंजिनचा पिवळा लाईट बंदच होईना, गाडी चालू झाली तरी पेटलेलाच. दुसऱ्या गॅरेजला नेली, मोठं गॅरेज, एसी ऑफिस, मुलांच्या अंगावर एकसारखे टी शर्ट. पोरानं स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं त्यात स्कॅनर खुपसला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचायचं यंत्र, स्क्रीनकडं बघितलं, दोन बटणं दाबली आणि म्हणाला, "लाईट गेला बघा." मी विचारलं काय होतं? "सेन्सरचं काहीतरी, तसं येत असतंय जुन्या गाडीला." आणि वर पेट्रोलचा पंप वीक वाटतोय म्हणून पंप बदलला. सहा हजार आठशे. बिलावर लिहिलंय फ्यूएल पंप, लेबर, जनरल चेकिंग. कोड काय आला होता त्याचा एक आकडा बिलावर नाही.

संपादक साहेब, माझी खरी तक्रार इथं आहे. बॅटरी गेली, पंप गेला, पैसे गेले, ते जाऊ दे. पण तो पिवळा लाईट म्हणजे गाडीनं लिहून ठेवलेली चिठ्ठी होती आणि त्या पोरानं ती मला न वाचून दाखवता फाडून टाकली. नुसता कोडच जात नाही, बऱ्याच गाड्यांत कोड पडला त्या क्षणी आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) किती होते, स्पीड किती होता, इंजिन किती तापलेलं होतं हे सुद्धा कॉम्प्युटरनं नोंदवून ठेवलेलं असतं, आणि कोड पुसला की ते पण पुसलं जातं. अधनंमधनं येणाऱ्या फॉल्टला तेवढाच एक साक्षीदार असतो. पेशंटचा एक्स-रे काढायचा, डॉक्टरनं एकट्यानं बघायचा आणि फाडून टाकून म्हणायचं जावा आता घरी, असला हा प्रकार.

मेमधे आईला घेऊन रत्नागिरीला गेलो. जाताना काही नाही. येताना साखरप्याच्या पुढं घाट चढायला लागलो, दुपारचे दोन, एसी चालू, पुढं ऊस तोडणीची नव्हे पण तसलीच रडतखडत चाललेली एक मालट्रक, सेकंड गिअर. आणि एका वळणावर गाडी बंद पडली. चढावर गाडी बंद पडायची म्हणजे काय ते ज्याला झालंय त्यालाच ठाऊक, ती मागं यायला लागते. स्टिअरिंग दगडासारखं जड. ब्रेक एकदा लागला, दुसऱ्यांदा दाबला तर पेडल खालीच जाईना. ब्रेक फेल झाला असं वाटून माझे हातपाय गार पडले. फेल झालेला नव्हता, ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनकडनं येतो, इंजिन बंद झालं की एक-दोन दाबाला पुरेल एवढाच शिल्लक असतो आणि मग आपल्या पायाच्या ताकदीवर सगळं. म्हणून अशा वेळी पंप मारल्यासारखा ब्रेक दाबत बसायचं नाही, एकदाच जोर लावून दाबून धरायचा आणि हँडब्रेक ओढायचा. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, आई "हँडब्रेक ओढ की रे" म्हणून ओरडली तेव्हा ओढला. आई आयुष्यात कधी स्टिअरिंगला बसलेली नाही.

एक गोष्ट मात्र त्या वळणावर बघितली ती पुढं कामाला आली. गाडी गिअरमधेच होती, चाकं अजून फिरत होती, पण आरपीएमचा काटा एकदम शून्यावर पडला, हळूहळू नाही, सुतळी तुटल्यागत.

कोल्हापुरात आल्यावर ऑफिसमधल्या एकाच्या ओळखीनं उद्यमनगरात एका जुन्या वायरमनमामांकडं गेलो. पत्र्याचं शेड, बाहेर रिक्षाचे स्टार्टर उघडून ठेवलेले. मामांनी बॉनेट उघडायच्या आधी स्टूल दिलं आणि चहा सांगितला, आणि विचारत बसले. गार असताना पडती का तापल्यावर? आचके देऊन पडती का गप्पकन? परत किती वेळानं चालू होती? किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालनं पेट्रोलच्या पंपाचा सूं असा दोन सेकंद आवाज येतो का? मी काट्याचं सांगितलं तसे मामा हसले. "अहो मग पंपाचं काम न्हाई ते. पेट्रोल कमी पडलं तर गाडी रडती, धाप टाकती, मग मरती. काटा उभ्या उभ्या पडला म्हणजे इंजिन फिरतंय हेच कॉम्प्युटरला कळंना झालंय."

मग स्कॅनर लावला, साधाच, मोबाईलला जोडायचा. कोड आला पी ०३३५. मामांनी तो पुसला नाही, आधी समोरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिला. हा क्रँक सेन्सरच्या, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरच्या, सर्किटचा कोड. सर्किटचा, सेन्सरचा नव्हे, हे मामांनी दोनदा सांगितलं, कारण वायर तुटली, कनेक्टरला गंज आला तरी हाच कोड येतो. २०१९ च्या पुरात शाहूपुरीत पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या त्यांच्याकडं अजून येतात म्हणे, कनेक्टरमधे हिरवी बुरशी आणि लोक सेन्सरवर सेन्सर बदलत बसलेत.

आमचा कनेक्टर स्वच्छ निघाला. मग सेन्सर काढला, अंगठ्याएवढा काळा तुकडा, त्याच्या दोन पिनांना मीटर लावला, आकडा ५८० ओहमच्या आसपास, एकदम ठणठणीत. मी म्हटलं चांगलाय की. मामा म्हणाले, थांबा, ह्याला घाटात नेऊया. वायरिंगची स्लीव्ह आवळायला गरम हवेची गन असते ती सेन्सरवर धरली. आकडा हळूहळू चढला, सहाशे, साडेसहाशे, आणि मग मीटरवरनं आकडाच गायब. आतली तार तापली की तुटती, गार झाली की जुळती. बाजूला ठेवून आम्ही चहा संपवला, परत मीटर लावला, ५८०. वीस मिनिटं रस पिऊन गाडी का चालू व्हायची ते तिथं कळलं. सेन्सर बाराशेला आला, मजुरी तीनशे, ती पण मामा नको नको म्हणत होते. त्याला आता तीन महिने झाले, दुपारी, चढाला, एसी लावून, कशीही चालवली तरी गाडी बंद पडलेली नाही.

मधल्या काळात गाडीच्या रोगाला सगळ्यांनी एकच औषध सांगितलं, इथेनॉल. पेट्रोलमधे वीस टक्के घातलंय, जुन्या गाड्या बंद पडणारच. आता आपण ऊसवाले, आपणच इथेनॉलला शिव्या घालायच्या हा भाग वेगळा. २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या वीस टक्क्यांसाठी बनवलेल्या नाहीत हे खरं, ॲव्हरेज थोडं पडतं, इथेनॉल पाणी धरतं, जुने रबरी पाईप आणि सील त्याला वैतागतात हेही खरं. पण त्याच्या नावावर काहीही खपवायला लागलेत. माझ्या सेन्सरच्या तारेचा आणि पेट्रोलचा संबंध नव्हता, तपासल्याशिवाय बिल फाडायला ते कारण बरं पडतं एवढंच.

पिवळा लाईट लागला म्हणून कोणी घाबरून गाडी जागेवर सोडू नका, गाडी नीट चालत असेल तर गॅरेजपर्यंत जाता येतं. तोच लाईट उघडझाप करायला लागला तर मात्र पाय हलका करा आणि लवकर बाजूला घ्या, इंजिन मिसिंग मारत असतं आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे (धूर स्वच्छ करणारा पार्ट) जाऊन त्याला जाळतं, तो पार्ट लई महाग. आणि गाडी चालू असताना लाल ऑइलचा लाईट लागला तर पुढच्या चौकापर्यंत पण जायचं नाही, तिथंच बंद. जुनी गाडी घेणाऱ्यांनी अजून एक बघा, किल्ली ऑन केल्यावर इंजिनचा पिवळा लाईट लागून दाखवला पाहिजे. लागतच नसेल तर गाडी निरोगी आहे असं समजू नका, बल्ब गेला असेल नाहीतर कुणीतरी मुद्दाम काढला असेल.

मागणं मोठं नाही. शहरातल्या गॅरेजवाल्यांनी स्कॅनर लावला की कोड बिलावर लिहावा, मग पुसावा, आणि काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. पाच अक्षरं लिहायला पेनाची शाई किती लागती? आणि गिऱ्हाइकांनी पण लाईट गेला म्हणून खूष होऊन पैसे देऊ नयेत, तो का गेला ते विचारावं. तुमच्या रविवारच्या पुरवणीत राशिभविष्याच्या शेजारी चार इंच जागा एखाद्या जुन्या मिस्त्रीला दिली तर आम्ही आधी ते वाचू.

आपला,
एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर

ता. क. : दुसऱ्या गॅरेजमधनं मी बदललेला पंप मागून आणला होता, तेवढं एक शहाणपण केलं. मामांनी त्याच्या दोन वायरी क्षणभर बॅटरीला लावल्या, गर्रकन फिरला. आता माळ्यावर ठेवलाय, आई दर आठवड्याला विचारती हे काय आहे आणि टाकू का म्हणून.