नशीब नव्हतं गं ते

सोलापूर,
१० जानेवारी

प्रिय वैशू,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. निवड यादीत आपलं नाव चुकून लागलंय, एक दिवस फोन येईल आणि परत पाठवतील, असं लिहिलंस. पत्र तसंच मांडीवर धरून बसले. हेच भय मी तीन वर्षं उराशी घेऊन फिरले गं, तुला एकदाही बोलले नाही.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका परिषदेत मी पोस्टर लावलं होतं. एका गृहस्थांनी सगळं नीट वाचलं आणि म्हणाले, "छान. सरांचं काम दिसतंय." मी हसून 'हो' म्हणाले. वैशू, सांगोल्याच्या बागा उन्हात तुडवून नमुने मी आणले होते, प्लेटा मी ओतल्या होत्या. त्यांचं बोलणं विसरले, माझं ते 'हो' मात्र फार दिवस टोचत राहिलं.

मग गेल्या पावसाळ्यात सांगोल्याकडचे एक काका पिशवीत डाळिंबाची पानं घेऊन आले. बुरशीनाशकाच्या दोन फवारण्या वाया गेल्या होत्या. सर बाहेरगावी. 'सर आल्यावर बघू' अगदी ओठावर आलं होतं, पण काका दोन एसट्या बदलून आले होते. पान उजेडापुढे धरलं, तर डागाभोवती पाणी मुरल्यासारखी तेलकट कड. कडेचा बारीकसा तुकडा कापून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला. मायक्रोस्कोपखाली कापलेल्या कडेतून जिवाणूंचा लोट धुरासारखा बाहेर पडत होता. बुरशीच्या डागातून असा लोट येत नाही. काकांनाही डोळा लावायला सांगितलं. बराच वेळ पाहत राहिले.

"तेल्याच का?"

"तेल्याच," मी म्हणाले. डाळिंबावरचा जिवाणूंचा रोग तो, बुरशीनाशकानं कसा जाणार? छाटणीची कात्री दर झाडाला निर्जंतुक करा, रोगट फांद्या-फळं बागेबाहेर नेऊन जाळा, हे सगळं सांगितलं. त्यांनी खताचं एक विचारलं, ते मला येत नव्हतं. "विचारून कळवते," म्हटलं. काकांनी मान डोलावली, माझा नंबर घेतला आणि गेले. एवढंच झालं. 'मला येत नाही' म्हणायची मला केवढी धास्ती होती!

त्या रात्री जुन्या वह्या काढल्या. निकाल चांगला आला तिथं मनात मी 'नशीब' म्हटलेलं, बिघडला तिथं 'मी'. नमुन्यांच्या बाबतीत हे कुणी केलं असतं तर आपण दोघींनी वही परत केली असती.

हे तुझं-माझंच नाही. पॉलिन क्लॅन्स आणि सुझॅन आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दीडशेहून जास्त यशस्वी बायकांच्या अनुभवावरून हेच लिहिलं. पदव्या, मानमरातब असूनही त्यांना वाटायचं, आपण लोकांना फसवतोय. मुलींबद्दल घरात-समाजात जे ऐकत आपण मोठ्या होतो, त्यातही त्यांना याची मुळं दिसली. आपली जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी आठव. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. ती हटली नाही, तेव्हा वर्षभर काम पारखून मग ठरवू, अशी अट घातली. १९३९ साली तिनं केंब्रिजची पीएचडी मिळवली. परीक्षेसाठी आपण साल पाठ केलं, त्या एका वर्षाचा विचार कधी केला नाही. रोज कुणीतरी पारखतंय हे ठाऊक असताना हातातली नळी स्थिर ठेवायची! तुला-मला तशी अट कुणी घातलेली नाही, तरी आपण ती पाळत बसलोय.

तू १ तारखेला रुजू हो. नाव चुकून लागलेलं नाही. तुझं प्रोटीनचं काम मी पाहिलंय. सात वेळा फसलेला प्रयोग आठव्यांदा तू उभा केलास तेव्हा मी शेजारच्या टेबलावर होते.

इथं सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गडबड सुरू झालीय. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला ये, रात्री माझ्याकडेच राहा. आणि येताना तुझ्या वह्या घेऊन ये, पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या. दोघी मिळून वाचू. कडक भाकरी आणि शेंगा चटणी आईनं आत्ताच करून ठेवलीय.

तुझीच,
सुमा