एकमेव ईश्वर मला का पटत नाही : मित्रास पत्र

प्रिय मित्र श्रीधर यास,

सप्रेम नमस्कार.

जगाचा निर्माता असा एकच सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि परमदयाळू ईश्वर आहे ही गोष्ट मी कशाच्या आधारावर नाकारतो, असे तू मला सरळ विचारले आहेस, आणि ज्या आपुलकीने विचारले आहेस तिला मोघम उत्तर शोभणार नाही. मी ज्याच्याविषयी लिहीत आहे तो तुझा ईश्वर आहे. निसर्गालाच देव मानणारे किंवा निर्गुण ब्रह्मापाशी थांबणारे यांच्याशी माझे बोलणे निराळे होईल, ते येथे आणत नाही. तुझा ईश्वर माणसांवर प्रेम करतो, त्यांची हाक ऐकतो, वचने देतो आणि ती पाळतो. माझे सगळे आक्षेप या वर्णनाला धरून आहेत.

तुझ्या बाजूचा सर्वांत जुना आधार म्हणजे कार्यावरून कर्त्याचे अनुमान. दहाव्या शतकात न्यायदर्शनाच्या परंपरेतील उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ या ग्रंथात तो फार ताकदीने मांडला: घट हे कार्य आहे म्हणून त्याला कर्ता असतो, पृथ्वीही कार्य आहे म्हणून तिलाही कर्ता असला पाहिजे. त्या परंपरेच्या विरोधकांनी यावर घेतलेला आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. घटाच्या दाखल्यावरून जो कर्ता सिद्ध होतो त्याला शरीर असते, त्याच्याजवळ माती आधीपासून असते आणि त्याचे ज्ञान मर्यादित असते. शिवाय मोठ्या कामामागे अनेक कर्ते असतात. त्यातून एकच, अशरीरी आणि सर्वज्ञ कर्ता काढायचा तर दाखला सोडावा लागतो, आणि दाखला सोडला की अनुमानच उभे राहत नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या धर्मविषयक संवादांतही जवळपास हाच आक्षेप स्वतंत्रपणे आलेला आहे. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिघन, अतितप्त स्थितीतून प्रसरण पावू लागले, एवढे विज्ञान सांगते. त्यामागे काय होते हे आज कोणी खात्रीने सांगू शकत नाही, पण या अज्ञानातून कर्त्यापर्यंत जाणारी वाट मला दिसत नाही. समजा, काही आदिकारण मानलेच, तरी त्याला माणसाविषयी माया आहे हे कशावरून? तुझ्या श्रद्धेचा प्राण तर त्या मायेत आहे.

स्वतःलाच उचलता येणार नाही असा दगड ईश्वर निर्माण करू शकेल काय, यासारख्या कोड्यांना मी किंमत देत नाही. सर्वशक्तिमान म्हणजे तर्कदृष्ट्या शक्य ते सर्व करू शकणारा, एवढी व्याख्या केली की ते कोडे सुटते.

मला खरोखर अडवतो तो दुःखाचा प्रश्न. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये असे प्रतिपादन केले की, सर्वशक्तिमान आणि संपूर्ण सज्जन ईश्वर आणि जगातील अनिष्ट या दोन गोष्टी एकत्र मानणे ही उघड विसंगती आहे. त्यावर श्रद्धावान तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगा यांचे उत्तर असे की, स्वतंत्र इच्छा असलेली माणसे निर्माण करायची तर ती वाईट वागण्याची शक्यता ईश्वरालाही पत्करावी लागते. या उत्तराने तार्किक विसंगतीचा आरोप बराच सैल पडतो हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मात्र विसंगती सिद्ध झाली नाही म्हणजे गोष्ट संभवनीय ठरली असे होत नाही, आणि माझा आक्षेप संभवनीयतेचा आहे.

देवीचा रोग घे. शतकानुशतके तो मुलांना मारत, आंधळे करत, विद्रूप करत आला. एकट्या विसाव्या शतकात त्याने सुमारे ३० कोटी बळी घेतले असा अंदाज सांगितला जातो. हा रोग कोणाच्या दुष्ट इच्छेतून आला नव्हता. तो विषाणूचा होता आणि पाळण्यातल्या मुलाने कोणताही अपराध केलेला नव्हता. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर यांनी लशीचा प्रयोग केला, १९७७ मध्ये नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण आढळला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. आता मला सांग, या रोगातून माणसाचे काही थोर कल्याण साधत होते आणि म्हणून ईश्वराने तो राहू दिला होता, असे असेल तर तो नाहीसा करून आपण ते कल्याणही बुडवले म्हणायचे काय? तसे कोणी म्हणत नाही. तूही म्हणणार नाहीस. तो गेला याचा प्रत्येक श्रद्धावानाला आनंदच झाला. याचा अर्थ त्या दुःखाला अपरिहार्य कारण होते, हे मनातून कोणालाच पटलेले नसते.

माणसाचे पाप, माणसाचे स्वातंत्र्य, माणसाची परीक्षा या सगळ्या उत्तरांत मध्यभागी माणूस आहे. प्राणी मात्र ५० कोटींहून अधिक वर्षे या पृथ्वीवर आहेत आणि आपली जात जेमतेम तीन लाख वर्षांची आहे. आपण येण्यापूर्वीच्या त्या अफाट काळात प्राणी एकमेकांना जिवंत फाडत होते, रोगांनी आणि उपासमारीने मरत होते. तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी १९७९ मध्ये दिलेले उदाहरण मी विसरू शकत नाही. वीज पडून अरण्याला लागलेल्या वणव्यात हरणाचे एक पाडस होरपळते आणि कित्येक दिवस तडफडून मरते. ते पाहायला कोणी नसते, त्यातून कोणी काही शिकत नाही. डार्विनने १८६० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात हीच अस्वस्थता होती: जिच्या अळ्या सुरवंटाच्या जिवंत शरीरात राहून त्याला आतून खातात अशी गांधीलमाशी दयाळू ईश्वराने मुद्दाम निर्माण केली, हे त्याच्या मनाला पटेना. मला येथे सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांची आठवण होते. ते वेदप्रामाण्य मानणारे मीमांसक, पण जगत्कर्ता ईश्वर त्यांना मान्य नव्हता. त्यांचा प्रश्न असा: सृष्टीपूर्वी जर कोणी प्राणीच नव्हते, तर कर्त्याला करुणा आली ती कोणाची? आणि करुणेनेच सृष्टी केली असेल, तर त्याने ती केवळ सुखमय का केली नाही? दुःख हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ, असे उत्तर ब्रह्मसूत्रात आहे, पण ते तुझ्या उपयोगाचे नाही, कारण तू पूर्वजन्म मानत नाहीस. आणि कर्मच फळ ठरवत असेल तर दयेला जागा राहत नाही.

आता तुझ्या सर्वांत भक्कम बचावाकडे येतो, कारण माझे खरे म्हणणे तेथेच आहे. तू लिहितोस की ईश्वराची कारणे आपल्या बुद्धीपलीकडची असू शकतात. आपल्याला कारण दिसत नाही एवढ्यावरून कारण नाही असे ठरत नाही. हा युक्तिवाद वरवर नम्र आहे आणि त्याला उत्तर देणे अवघड आहे असे अनेकांना वाटते. पण श्रीधर, त्याची किंमत तुलाच मोजावी लागते. अज्ञात कारणासाठी परमदयाळू ईश्वर तान्ह्या मुलाचा तडफडून झालेला मृत्यू होऊ देऊ शकतो, असे एकदा मानले, की अज्ञात कारणासाठी तो आणखी काय काय करणार नाही हे तुला सांगता येत नाही. धर्मग्रंथात त्याने दिलेली वचने खरी आहेत हे कशावरून? कदाचित आपल्याला न कळणाऱ्या एखाद्या थोर हेतूसाठी त्याने माणसांना फसवले असेल. तू म्हणशील, तो सज्जन आहे, तो खोटे बोलणार नाही. पण ‘तो सज्जन आहे, म्हणून तो लेकराला असे मरू देणार नाही’ हे अनुमान अगदी त्याच घडणीचे होते आणि ते तूच बाद केलेस. ज्या कसोटीने माझा आक्षेप दूर केलास, त्याच कसोटीने तुझा विश्वासही दूर होतो. मग ईश्वराला दयाळू म्हणण्यात अर्थच राहत नाही, कारण कोणतीही घटना त्या दयेच्या विरोधात पुरावा म्हणून तू स्वीकारणार नाहीस. श्रद्धेवरचा हल्ला परतवण्यासाठी श्रद्धेतला आशयच देऊन टाकावा लागतो, हे मला या वादातले सर्वांत निर्णायक वाटते.

यावर आईचा दाखला नेहमी दिला जातो. लस टोचताना बाळ रडते, त्याला आईचा हेतू कळत नाही, तरी आईचे प्रेम खरे असते. दाखला मी स्वीकारतो, पण तो पूर्ण घ्यायचा. आई त्या वेळी बाळाला उराशी धरते, त्याच्याशी बोलत राहते, कारण कळत नसले तरी आपण येथे आहोत एवढे तरी त्याला कळू देते. ज्याचे मूल दगावले त्या बापाला बहुधा शांतताच ऐकू येते. तत्त्वज्ञ जे. एल. शेलेनबर्ग यांनी १९९३ मध्ये यावरच स्वतंत्र युक्तिवाद उभा केला: प्रेम करणारा ईश्वर असता, तर मनात विरोध नसलेली, प्रामाणिकपणे शोध घेणारी माणसे त्याच्या अस्तित्वाविषयीच अंधारात राहिली नसती. तशी माणसे मात्र असंख्य आहेत. आपल्या जातीच्या तीन लाख वर्षांत ग्रंथप्रणीत एकेश्वरवाद अवघ्या काही हजार वर्षांचा आहे, आणि १४९२ पूर्वी अमेरिका खंडांत पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्यांच्या कानावर तुझ्या ग्रंथातली एक ओळही पडली नव्हती. त्यांनी काय नाकारले होते? ईश्वर स्वच्छ दिसला तर माणसाचे स्वातंत्र्य संपेल, असे उत्तर दिले जाते, पण तुमच्याच परंपरेतला सैतान ईश्वराला पुरता ओळखूनही बंड करतो. अस्तित्व माहीत असण्याने स्वातंत्र्य हिरावले जात नाही, हे त्या कथेतच गृहीत आहे.

ईश्वर नसेल तर मृतांना न्याय कसला आणि दुःखितांना आधार कोणाचा, हा तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी हलका मानत नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना कधीच न्याय मिळणार नाही हे स्वीकारणे फार जड आहे आणि मलाही ते जडच जाते. तरीही एखादी गोष्ट खरी असावी ही आपली तीव्र इच्छा तिच्या खरेपणाचा पुरावा होत नाही, आणि येथे न्याय मिळवून देण्याची जबाबदारी त्यामुळे आपल्यावर अधिकच येते.

तू उत्तर लिहिशील तेव्हा विश्वाच्या उगमाचा भाग बाजूला ठेवलास तरी चालेल. अज्ञात कारणांच्या बचावावर मात्र सविस्तर लिही: मुलाच्या मृत्यूपुरता तो चालतो आणि ईश्वराच्या वचनांपुरता चालत नाही, हा भेद तू कोणत्या आधारावर करतोस ते मला समजून घ्यायचे आहे.

तुझा स्नेहांकित,
माधव