मिरजेच्या काकांना, लॉग वाचायला लावल्याबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानू लागलो की तुम्ही ‘चहा टाकू का?’ असे विचारून विषय बदलता, हे मला २०१९ पासून माहीत आहे. म्हणून हे पत्र उघडपणे, चारचौघांना वाचता येईल असे लिहितो आहे.

निमित्त तसे छोटेच आहे. पुण्यात मी नुकताच नवा संगणक जुळवला. सोळा जीबीचे रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी ग्राफिक्स कार्ड घेतले आणि मिरजेत तुमच्या देखरेखीखाली डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) घातलेली जुनी डिस्क तशीच त्याला जोडली. डेस्कटॉप उघडला, पण पडद्याचे रिझोल्यूशन एकाच आकड्यावर अडकलेले होते, आणि गेम सुरू केल्यावर सेकंदाला जेमतेम दोन फ्रेम मिळत होत्या. दुकानदाराने फोनवर ‘कार्ड डेड असेल, घेऊन या’ असे सांगितले. मी गेलो नाही. टर्मिनल उघडून लॉग, म्हणजे यंत्राने स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदी, वाचत बसलो आणि अर्ध्या तासात ‘एलएलव्हीएमपाइप’ हा शब्द दिसला. याचा अर्थ, चित्र काढण्याचे काम कार्ड करतच नव्हते, बिचारा प्रोसेसर एकटा ते ओढत होता. कार्ड जून २०२५ मध्ये बाजारात आलेले आणि डेबियन १२ चे ६.१ कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याच्या कितीतरी आधीचे, त्यामुळे दोघांची ओळखच नव्हती. नवे कर्नल आणि मेसा २५ (ग्राफिक्स ड्रायव्हरचा संच) असलेली फेडोरा ही दुसरी लिनक्स घातली आणि सगळे सुरळीत झाले. तुम्हाला फोन करायला हात शिवशिवत होते, पण घड्याळात सव्वाबारा झाले होते.

तो अर्धा तास तुमचा आहे, काका. तुम्ही रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार खात्यात आयुष्य काढलेत आणि माझ्यासारख्या खालच्या मजल्यावरच्या पोराला एकच वाक्य पुन्हापुन्हा ऐकवलेत: ‘फॉल्ट कुठल्या सेक्शनात आहे ते आधी ठरव, मग खांबावर चढ.’ लिनक्सवर गेम खेळण्याविषयी माझी जी काही मते आज आहेत, ती सगळी या वाक्यातून आली आहेत.

पहिला धडा मला अजून लख्ख आठवतो. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होतो, घरात जुन्या बाजारातून घेतलेले चार जीबीचे आरएक्स ५७० कार्ड होते, आणि विंडोजच्या डी ड्राइव्हवर उतरवलेले गेम मी तिथूनच लिनक्समध्ये चालवत होतो. एखादा गेम सोमवारी चालायचा आणि मंगळवारी उघडायचाच नाही. मी तीन वेळा सगळे पुसून पुन्हा घातले होते. तुम्ही आलात, खुर्ची ओढलीत आणि कशालाही हात न लावता मला लॉग मोठ्याने वाचायला सांगितलेत. चाळिसेक ओळी निरर्थक वाटल्या. मग ‘कर्नल३२ डीएलएल लोड करता आली नाही’ अशा अर्थाची ओळ आली, म्हणजे विंडोजची एक मूलभूत फाइलच सापडत नव्हती. तुम्ही विचारलेत, ‘काल रात्री काय केलंस?’ मी म्हणालो, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विंडोज उघडले होते. ‘परवा?’ परवा नव्हते उघडले. तिथे फॉल्ट पकडला गेला. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी विंडोजसारखे दिसणारे एक फोल्डर तयार करतो आणि त्यात ‘सी’पुढे अपूर्णविराम अशा नावाचा दुवा ठेवतो, लिनक्सला ते नाव चालते, पण विंडोजच्या लेखी नावात अपूर्णविराम निषिद्ध आहे. त्यामुळे विंडोज सुरू होताना डिस्क तपासायचे आणि तो दुवा बिघाड समजून काढून टाकायचे. दोन्ही बाजू आपापल्या नियमाने बरोबर वागत होत्या. गेम लिनक्सच्या स्वतःच्या ईएक्सटी४ विभाजनावर हलवले आणि तो त्रास पुन्हा कधी झाला नाही.

प्रोटॉन ज्यावर उभा आहे ते वाईन म्हणजे काय हेही तुम्ही मला मिरज जंक्शनच्याच भाषेत समजावले होते. मिरजेत एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ येत होते, आणि एका गेजवरून आलेला माल दुसऱ्या गेजच्या वाघिणीत हलवावा लागे. तुम्ही म्हणालात, ‘इम्युलेटर म्हणजे अख्खी मीटरगेजची गाडी, इंजिनासकट, ब्रॉडगेजच्या मालगाडीवर चढवून नेणं. वाईन तसं करत नाही, ते फक्त माल हलवतं.’ याहून नेमके स्पष्टीकरण मला आजवर कुठे मिळालेले नाही. गेमच्या आज्ञा प्रोसेसर थेट पाळतो. विंडोजकडे मागितलेल्या गोष्टी मात्र वाईन लिनक्सकडून आणून देते. हे काम १९९३ पासून चालू आहे आणि पहिली १.० आवृत्ती यायला २००८ उजाडले, म्हणजे पंधरा वर्षे नुसते हमालीचे नियम ठरवण्यात गेली. चित्राच्या मालाची ने-आण खऱ्या अर्थाने सुधारली ती डीएक्सव्हीकेमुळे. फिलिप रेबोले यांना निअर ऑटोमाटा हा गेम लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्यांनी विंडोजच्या डायरेक्टएक्स ११ या चित्रप्रणालीच्या आज्ञा लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या चित्रप्रणालीमध्ये बदलणारा हा थर लिहायला घेतला. पुढे २१ ऑगस्ट २०१८ रोजी स्टीम हे गेमचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन जाहीर केला, तेव्हा अधिकृत यादीत फक्त २७ गेम होते. त्या यादीबाहेरचा एक गेम मी तुमच्या समोर चालवून दाखवला होता, तेव्हा तुम्ही ‘हमाल चांगले मिळाले’ एवढेच म्हणाला होतात.

तो गेम विचर ३ होता. नोव्हिग्राड शहराच्या पुलावरून घोडा गेला की चित्र क्षणभर अडखळायचे, आणि मी कार्डाला शिव्या देत होतो. तुम्ही म्हणालात, ‘मागे फिर आणि त्याच पुलावरून परत जा.’ गेलो. अडखळले नाही. तिसऱ्यांदाही नाही. शेडर म्हणजे कार्डासाठी लिहिलेले छोटे प्रोग्राम असतात, आणि ते प्रथम लागतील तेव्हा डीएक्सव्हीकेने त्यांचे भाषांतर करायचे व ड्रायव्हरने त्यांना यंत्रभाषेत उतरवायचे, यात तो क्षण जात होता. एकदा तयार झाले की साठवलेले मिळतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या डीएक्सव्हीके २.० ने यातला मोठा भाग आधीच, गेम लोड होतानाच उरकण्याची सोय केली, आणि पुलावरचे ते अडखळणे जवळजवळ इतिहासजमा झाले. मला मात्र त्या सोयीपेक्षा तुमचा घोडा मागे फिरवण्याचा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. कोणतेही साधन न वापरता तुम्ही दोन सेक्शन वेगळे करून दाखवले होते.

गाडी बदलली की वेळ जातोच, म्हणजे मध्ये भाषांतराचा थर आला की वेग घटतोच, ही तुमची समजूत मात्र मी एका बाबतीत खोडून काढू इच्छितो. फेब्रुवारी २०२२ मध्ये एल्डन रिंग आला, तेव्हा विंडोजवर खेळणारे लोक अडखळण्याने वैतागले होते. त्याच सुमारास बाहेर पडलेल्या स्टीम डेक या व्हॉल्व्हच्या हातात धरायच्या गेमयंत्रावर, म्हणजे लिनक्सवर, तो अधिक सुरळीत चालत होता. डायरेक्टएक्स १२ साठीचा व्हीकेडी३डी-प्रोटॉन हा थर मेमरीच्या मागण्या गेमपेक्षा शहाणपणाने हाताळत होता. थेट गाडीपेक्षा गाडी बदलून गेलेला माल आधी पोहोचला, असे क्वचित घडते, पण घडते.

हार्डवेअरविषयी तुम्ही मला भाच्यासाठी सल्ला विचारला होता, त्याचे सविस्तर उत्तर इथेच देतो. लिनक्सवर गेम खेळायचे असतील तर आजही मी एएमडीचे (रेडिऑन) कार्ड घ्या असेच सांगेन, कारण त्याचा ड्रायव्हर कर्नल आणि मेसासोबतच येतो आणि वेगळे काही घालावे लागत नाही. एनव्हिडियाची बाजू २०२४ मधल्या ५५५ ड्रायव्हरनंतर बरीच सुधारली, वेलँडवरची (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या लिनक्सच्या नव्या प्रणालीवरची) थरथर गेली. पण डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये विंडोजच्या तुलनेत वेग बऱ्याचदा घटत आला आहे, म्हणून त्या कार्डाला दिलेले सगळे पैसे वसूल होत नाहीत. एएमडीतही एक खोच आहे, ती आधीच सांगतो: टीव्हीला एचडीएमआयने जोडून पूर्ण रंगांसह ४के आणि १२० हर्ट्झ मिळेल अशी आशा ठेवू नये. एचडीएमआय २.१ ची सोय मुक्त ड्रायव्हरमध्ये घालण्याचा एएमडीचा प्रस्ताव २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने नाकारला. हा बिघाड तारेतही नाही आणि कार्डातही नाही, तो कागदावर आहे. मॉनिटर घ्यायचा तर डिस्प्लेपोर्ट असलेला घ्यावा.

मार्च २०२५ मधल्या ६.१४ कर्नलमध्ये आलेल्या एनटीसिंकविषयीही भाच्याने ऐकले असेल. विंडोजच्या धाग्यांनी (एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी) एकमेकांसाठी थांबण्याची जी पद्धत आहे, ती आता कर्नल स्वतः समजून घेते, ही गोष्ट वाईनसाठी फार चांगली आहे. पण वेग कितीतरी पट वाढल्याचे जे आकडे फिरतात ते साध्या वाईनशी केलेल्या तुलनेचे आहेत. प्रोटॉनमध्ये एफसिंक ही तशाच कामाची सोय आधीपासून असल्याने आपल्यासारख्यांना फरक बहुधा किरकोळच जाणवतो. केवळ त्यासाठी मशीन बदलू नये.

तुमचा माझा जुना वाद नेटिव्ह गेमचा. तुमचे म्हणणे, लिनक्ससाठी बनवलेला असेल तरच गेम विकत घ्यावा. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला हॉलो नाइट सिल्कसाँग तुमच्या बाजूने साक्ष देईल. तो नेटिव्ह आहे आणि उत्तम चालतो. पण दहा वर्षांपूर्वीचे किती तरी नेटिव्ह गेम आज जुन्या लायब्ररींअभावी (गेमला लागणाऱ्या सामायिक फाइलींअभावी) रुसून बसतात आणि त्यांचीच विंडोज आवृत्ती प्रोटॉनमधून मुकाट्याने चालते, हेही मी रोज पाहतो. बनवणाऱ्याने नेटिव्ह आवृत्ती सांभाळायचे कबूल केले असेल तर ती घ्यावी, नाहीतर प्रोटॉन बरा, इथवर मी आलो आहे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला ‘राजी’ हा गेम मी असाच प्रोटॉनमधून पूर्ण केला. लढाईचा भाग मला थोडा ओढल्यासारखा वाटला, पण राजस्थानी वाड्यांचे नक्षीकाम आणि भिंतींवरच्या चित्रांतून उलगडणाऱ्या देवकथा पाहण्यासाठी मी कितीदा तरी नुसता उभा राहिलो.

आणि आता तो सेक्शन, जिथे तुमच्या वाक्यापुढे मी हतबल होतो. माझा मावसभाऊ एक नेमबाजीचा गेम दोन वर्षे लिनक्सवर रोज खेळत होता. एके दिवशी तो उघडलाच नाही. लॉगमध्ये काहीही चुकीचे नव्हते. प्रकाशकाने लिनक्सवरून येणाऱ्यांना बाहेर ठेवायचे ठरवले होते, एवढेच. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही फसवणूकविरोधी प्रणालींनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी दार उघडले आहे, पण ते वापरायचे की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या हाती असते. बॅटलफील्ड ६ सारखे नवे गेम तर सिक्युअर बूट (संगणक सुरू होतानाची तपासणी) आणि कर्नलमध्ये शिरणारी पहारेदारी मागतात, आणि लिनक्सवर चालतच नाहीत. फसवणुकीचा त्रास खरा आहे, हे मी नाकारत नाही. पण रूळ टाकलेला आहे, इंजिन तयार आहे, आणि सिग्नल मुद्दाम लाल ठेवला आहे, अशा ठिकाणी खांबावर चढून काय करायचे? मी मावसभावाला रात्रभर युक्त्या शोधत बसू दिले नाही, अर्ध्या तासात थांबवले. ती अक्कलही तुमचीच.

स्टीम डेक मी घेतला तेव्हा तो भारतात अधिकृतपणे मिळत नव्हता, म्हणून अमेरिकेहून येणाऱ्या एका मित्राला गळ घातली. तुम्ही तो हातात घेऊन सगळे मोठे गेम बाजूला सारलेत आणि ओपनटीटीडी मागितलात, रेल्वे चालवायचा. ४०-४५ वर्षे सिग्नल सांभाळून पुन्हा सिग्नलच, असे काकू म्हणाल्या होत्या. तो गेम तुम्ही माझ्या डेकवर अर्धा ठेवून दिलात.

दिवाळीत मिरजेला येतो आहे, डेक आणतो. तुमच्या मोठ्या टर्मिनसवर गाड्या का खोळंबतात ते मी काल पाहिले. चौथ्या फलाटाच्या तोंडाशी एक सिग्नल उलट दिशेने लागला आहे, असा माझा अंदाज आहे. अजून काही बदललेले नाही. आधी तुम्ही बघा.

काकूंना सादर नमस्कार.

आपला कृपाभिलाषी,
खालच्या मजल्यावरचा