नमुना पहाटे घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तलावात मासे मेले की पाण्याचा नमुना घेतला जातो आणि बहुधा ‘ऑक्सिजन समाधानकारक’ असा अहवाल येतो. नमुना किती वाजता घेतला, हे मात्र कोणी विचारत नाही. कोल्हापूरच्या रंकाळा तलावासारख्या हिरवट पाण्यात शेवाळ दिवसभर ऑक्सिजन सोडते, त्यामुळे दुपारी लिटरला 10-12 मिलिग्रॅमही भरतो. रात्री तेच शेवाळ, जीवाणू आणि तळचा गाळ तो संपवतात. उजाडण्याच्या सुमारास आकडा 2 च्या खाली गेला, की मासे तोंड वर काढून तडफडतात. म्हणून नमुना साडेपाच-सहालाच हवा.

तोही काठावरून बादली बुडवून नव्हे. ओतताना हवा मिसळते. पृष्ठभागाखाली फूटभर आणि तळापासून फूटभर वर, असे दोन नमुने 300 मिलीच्या बाटलीत नळी तळापर्यंत सोडून, पाणी उतू जाऊ देऊन भरावेत. बुडबुडा राहिला तर बाटली बाद. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही ऑक्सिजन पकडून ठेवणारी रसायने जागेवरच घालावीत. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. हे न करता बाटली प्रयोगशाळेत नेली, तर वाटेतच जीवाणू तो खाऊन टाकतात. ऑक्सिजन मोजणारा मीटर वापरायचा तर कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, हे त्याला सांगावे लागते. नाहीतर आकडा सहा-सात टक्के जास्त दाखवतो.

शहराचे सांडपाणी पंचगंगेकडे नेणाऱ्या जयंती नाल्याचे गणित वेगळे. तिथे एकच बाटली निरुपयोगी. दर तासाला नमुना घेऊन प्रवाहाच्या प्रमाणात चोवीस तासांचे मिश्रण करावे लागते. शिवाय पंचगंगेत दगड उलटून किडे मोजावेत. नुसत्या लाल अळ्या आणि गांडुळासारखे किडे सापडले, तर मागच्या काही आठवड्यांत काय वाहून गेले ते कळते. बाटलीला तेवढी आठवण नसते!

हे काम पंप-पाइपवाल्यांचे नाही. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलेली मुले शिवाजी विद्यापीठातून दरवर्षी बाहेर पडतात. त्यांना नमुन्यामागे पैसे देऊन नव्हे, वर्षभराच्या पगारावर घ्यावे. पहाटे तलावावर जाणारा माणूस रोजंदारीवर टिकत नाही.

आणि तोवर एवढे तरी करा : कारंजी आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रे) संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी नको, मध्यरात्रीनंतर सकाळी सातपर्यंत चालवा.

– एक वाचक, कोल्हापूर